सारवणाखालची कारवी

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या धसईच्या आसपासच्या वाड्यापाड्यांतून अजूनही शेणामातीचा ओला वास येऊ लागतो. सिमेंटची घरे वाढली, पत्र्याची वाढली. पण मुरबाड तालुक्याच्या या टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, कुडाची भिंत पुरती नाहीशी झालेली नाही. कुड म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगितले पाहिजे. डोंगरउतारावर कारवी वाढते. सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी ती. तिच्या वाळलेल्या काठ्या उभ्या-आडव्या बांधून ताटी करायची, तिच्यावर दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचे तूस कालवून जाड लिंपण द्यायचे आणि ते वाळले की वरून पातळ शेणाचा हात फिरवायचा. भार घेते ती कारवी. लिंपण कारवीला जागच्या जागी धरून ठेवते. वरचे सारवण बिचारे दिसण्यापुरते. फार तर लिंपणाचे पावसाच्या शिंतोड्यांपासून थोडे रक्षण करते एवढेच.

बायका सारवायला बसतात तेव्हा भिंतीवर वर्षभराचा इतिहास लिहिलेला असतो. पोरांनी खिळ्याने ओढलेल्या रेघा, खाट सरकवताना बसलेला ओरखडा, बैलाने शिंग घासल्याची खूण. दोन हातांच्या फिरवण्यात तो सगळा पुसला जातो आणि त्याबद्दल कोणाला खंत वाटत नाही, वाटूही नये. मात्र घरात एखादी जाणती म्हातारी असली तर ती आधी मुठीने भिंत ठोकत जाते. कुठे आवाज पोकळ आला की तिथले लिंपण बोटाने उकरून आतली कारवी शाबूत आहे की वाळवीने खाल्ली आहे, हे पाहते. सुनांना या उकराउकरीचा वैताग येतो. सणासुदीच्या तोंडावर चांगली दिसणारी भिंत फोडायची कशाला, हा त्यांचा प्रश्न काही अगदीच खोटा नाही.

पण खूण पुसण्याचा अधिकार कोणाला आणि केव्हा मिळतो, हा प्रश्न माझ्यासमोर खरा उभा राहिला तो भिंतीमुळे नव्हे, एका वल्ह्यामुळे. तेही आमच्या ओढ्यानदीत चालणारे लाकडी वल्हे नव्हे. कार्बन फायबरचे, काळेभोर, खेळाचे वल्हे. आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. पाण्याला इकडे तोटा नाही. पण पाण्यावर खेळण्याची चैन आमच्याकडे कधी आली नाही. ती माझ्या घरात आली भाच्याच्या पायाने.

हा भाचा कोलाडला असतो. तेथे कुंडलिका नदीवर, वरच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्याच्या जोरावर, शहरची मंडळी रबरी तराफ्यांतून आणि कयाक नावाच्या एकट्यापुरत्या निमुळत्या होड्यांतून धबाबा पाण्यात उड्या मारायला येतात. भाचा हंगामात तराफा हाकतो आणि एरवी होड्या-वल्ह्यांची दुरुस्ती करतो. गेल्या दिवाळीत मामाच्या गावी आला तो पोत्यात गुंडाळलेले, दोन तुकड्यांत सुटणारे हे वल्हे घेऊनच. मी जन्मभर शाळेत मुलांना सुतारकाम शिकवले; त्यामुळे माझ्याकडे पॉलिशपेपर, पकडी, ब्रश असा संसार अजून आहे.

“मामा, तुमचं सामान काढा,” तो म्हणाला. “काम आणलंय. अर्धं तुम्हाला आवडेल, अर्ध्यावरून तुम्ही भांडाल.”

त्याचे भाकीत खरे ठरले.

कार्बन फायबर हे नाव दिसते तेवढे भयंकर नाही. ज्या ॲक्रिलिकचे स्वेटर आपण थंडीत घालतो, त्याच जातीचा धागा भट्टीतून नेतात. मग हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवतात. जळण्यासारखे सगळे निघून जाते आणि कोळशाचा एक तंतू उरतो, माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक. कल्पना जुनीच आहे. एडिसनने १८८० च्या सुमारास बांबूचा तंतू असाच कोळसवून विजेच्या दिव्यात घातला होता. पण भार पेलणारा तंतू हाती आला तो १९६० नंतर, जपानात आणि इंग्लंडात जवळजवळ एकाच वेळी. या तंतूंचे कापड विणायचे, ते रेझिन नावाच्या चिकट रसात भिजवून साच्यावर थरावर थर बसवायचे आणि घट्ट होऊ द्यायचे. वरून पारदर्शक लाखेसारखा लेप. म्हणजे पाहा: तंतू ही कारवी, रेझिन हे लिंपण आणि वरची चकाकी हे सारवण. आमच्या आदिवासी पाड्यावरच्या बाईला हे शास्त्र मी पाच मिनिटांत समजावून देऊ शकेन. शहरातल्या माणसाला मात्र आधी कुड समजावून द्यावा लागतो.

लोखंडाच्या मानाने हा पदार्थ वजनाला जेमतेम पाचवा हिस्सा. आख्खे वल्हे किलोभराचे. हातात घेतल्यावर सुताराच्या मनाला ते थोडे फसवे वाटते, कारण लाकडाच्या हिशेबाने इतक्या हलक्या वस्तूवर जीव टाकू नये असे हात सांगतो. आणि दुसरा, याहून मोठा फरक आहे. लाकूड मोडण्यापूर्वी बोलते. जू करकरते, वासा कुरकुरतो, बांबू उभा चिरतो आणि तरी काही काळ धरून राहतो. लोखंड वाकून दाखवते. कार्बन फायबर वाकत नाही, सुजत नाही, तक्रार करत नाही. शेवटपर्यंत सरळ राहते आणि मग एकाएकी तुटते. अबोल माणसासारखा हा पदार्थ आहे. त्याचे दुखणे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे, आणि चेहऱ्यावर काय असते? एखादा ओरखडा.

वल्ह्याच्या दोन्ही पात्यांवर दगडांनी ओढलेले वीस-पंचवीस ओरखडे होते. दिसायला भयंकर, मांजराने बोचकारल्यासारखे. शिवाय मधल्या दांड्यावर, पात्याच्या वर वीतभर अंतरावर, तिळाएवढा एक खळगा होता. तो मला भाच्याने बोट ठेवून दाखवला नसता तर दिसलाही नसता. मालकाला वल्हे विकायचे होते. गिऱ्हाईक ठरलेले होते, नुकताच शिकू लागलेला कोणी मुलगा. असे परदेशी वल्हे नवे घ्यायचे तर पाव लाखाच्या पुढे जाते; जुने निम्म्यात मिळते. मालकाची अट एकच, “नव्यासारखं दिसलं पाहिजे.”

आधी पाती घेतली. हे काम इतके आनंदाचे आहे की त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. ओरखड्याची पहिली परीक्षा नखाने. नख आडवे फिरवायचे. अडकले नाही तर ओरखडा सारवणातच आहे. दुसरी परीक्षा स्पिरिटची. फडक्याने ते पुसले की क्षणात उडून जाते. पण जिथे खरी भेग असेल तिथे ते आत शिरून बसते आणि भोवतालचे सुकल्यावरही एक बारीक ओली रेघ मागे राहते. भाच्याने पात्यांवर स्पिरिट फिरवले आणि आम्ही दोघे, एक साठी ओलांडलेला आणि एक पंचविशीतला, त्या काळ्या पात्यावर मान वाकवून रेघ राहते का ते पाहत बसलो. राहिली नाही.

मग पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिशपेपर. आधी आठशे नंबर, मग बाराशे, मग दोन हजार. कोरडे घासायचे नाही. ती धूळ छातीत जाणे बरे नव्हे आणि कातडीला खाज आणते ती वेगळीच. ओले घासताना पात्यावर पाणी साठते, आणि त्या पाण्याचा रंग हीच तिसरी परीक्षा. दुधासारखे पांढरे पाणी आले तर तुम्ही वरचा लेप घासत आहात, खुशाल घासा. पाणी काळे होऊ लागले की हात थांबवायचा. आता तुम्ही कारवी कापत आहात. ओरखडा घालवण्याच्या नादात वस्तू दुबळी करणारे कारागीर या काळ्या पाण्याकडे न पाहणारे असतात. आमचे पाणी पांढरेच राहिले. नंतर लेपाचे दोन पातळ हात दिले. हा लेप उन्हाला टिकणारा असावा लागतो, कारण रेझिनला ऊन सोसत नाही. ते पिवळे पडते आणि ठिसूळ होते. लेपात घालायच्या दुसऱ्या द्रवाचे माप काट्यावर तोलून घ्यावे लागते. माझ्या पत्नीने हे पाहून विचारले, “एवढं तोळामासा कशाला? अंदाज नाही का येत?” भाचा म्हणाला, “मामी, तुमचे अनारसे तुपात हसतात ना, तसं हे हसतं. पण हे हसलं की परत तळता येत नाही.” त्या वर्षी अनारसे हसले होते, त्यामुळे मामीला हा विनोद फारसा आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी पाती आरशासारखी झाली. येथे आमच्या मनात कोणताही प्रश्न नव्हता. जे पुसले ते नुसते दिसणे होते, आणि पुसण्यापूर्वी ते नुसते दिसणे आहे हे आम्ही पाहिले होते.

दांड्यावरचा तीळ मात्र वेगळा निघाला. भाच्याने एक रुपयाचे नाणे काढून दांडा टोकापासून ठोकत आणला. टण, टण, टण. आणि तिळाच्या आसपास दोन बोटांच्या जागेत, बद्द. बाजारात बायका माठ घेताना टिचकी मारून पाहतात, त्यांना हा आवाज सांगायला नको. वरून काहीच फुटलेले नव्हते. पण आत थर एकमेकांपासून सुटले होते. कुठेतरी दगडाच्या धारेवर नेमका फटका बसला असणार. नख त्या खळग्यावर किंचित अडकले. स्पिरिटने केसासारखी एक रेघ मागे ठेवली.

याला उपाय नाही असे नाही. जागा पुरती वाळवायची, सुटलेले थर उताराने घासून काढायचे, त्यावर कार्बनच्या कापडाचे वेढे रेझिनमध्ये बसवायचे, दिवसभर घट्ट होऊ द्यायचे. दांडा पुन्हा कामाला येतो. पण तिथे फुगवटा राहतो, मोडलेल्या हाताला पट्टी बांधावी तसा. भाच्याने मालकाला फोन लावला. पलीकडून उत्तर आले ते मी शेजारी बसून ऐकले. वेढेबिढे नकोत, गिऱ्हाईक बिचकेल. तिळात लांबी भर, वरून चकाकी दे, संपव. पैसे तेवढेच देतो.

झाले, येथून आमचे भांडण सुरू झाले. भाचा लबाड नाही. लांबी भरायला त्याचेही मन तयार नव्हते; पण मी ज्या सुरात ‘छे, छे’ म्हणालो तो सूर त्याला सोसला नाही. त्याने माझ्यासमोर मालकाची बाजू मांडली, आणि मला कबूल केले पाहिजे की ती चांगली मांडली. “मामा, तुम्ही दाराला पॉलिश करता तेव्हा गाठ लपवता की नाही? घराला रंग देतो तो माणूस आतल्या सळ्या गंजल्यात का हे सांगत हिंडतो का? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुम्हीच शिकवलंत. आणि घेणाऱ्याला डोळे नाहीत?”

या तिन्ही गोष्टींवर मी त्या रात्री आणि नंतरही पुष्कळ विचार केला.

झाकल्या मुठीची म्हण मला प्रिय आहे. आपले दारिद्र्य, आपले दुःख, आपल्या घरातले कलह मुठीत झाकून ठेवण्यात एक अब्रू आहे, आणि ज्याने त्याने मूठ उघडून दाखवली पाहिजे असे म्हणणारे लोक मला क्रूर वाटतात. पण त्या म्हणीत मूठ आपली असते. सव्वा लाखाची म्हणून ती दुसऱ्याला विकायला काढली की म्हण संपते आणि व्यवहार सुरू होतो. दाराची गाठही तशीच. गाठ लपवली म्हणून दार पडत नाही. पडणार असेल तर ती लपवणे हे सुतारकाम नव्हे. किंबहुना मला असे वाटते की दुरुस्ती करणारा माणूस नुसते काम करत नाही, तो साक्ष देतो. ओरखडा पुसला याचा अर्थ ‘येथे काही नव्हते’ असे तो वस्तूच्या अंगावर लिहितो. पात्यावर आम्ही हे लिहिले तेव्हा ते खरे होते. तिळावर तेच लिहिले असते तर अक्षर तेच, सफाई तीच, चकाकी तीच. आणि साक्ष खोटी. हात एकच काम करत असताना एका ठिकाणी ती कारागिरी ठरते आणि वीतभर अंतरावर गुन्हा ठरतो, ही गोष्ट मला चमत्कारिक वाटते. कर्मात फरक काही नाही. फरक आहे तो कर्त्याने आधी काय ऐकले यात.

राहिला घेणाऱ्याच्या डोळ्यांचा प्रश्न. आमच्या तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराची ही जत्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. तेथे विकणारा बैलाची शिंगे तासतो, तेल लावतो, रंगवतो, झूल घालतो, आणि याला कोणी फसवणूक म्हणत नाही. कारण घेणाराही शेतकरीच असतो. तो झुलीकडे बघत नाही. जबडा उघडून दात मोजतो, खूर दाबतो, बैलाला चालवतो, वळवतो. विकणाऱ्याला जे ठाऊक ते घेणाऱ्यालाही ठाऊक असल्यामुळे शिंगांचा रंग हा निव्वळ सणाचा भाग राहतो. ‘घेणाऱ्याला डोळे नाहीत का’ हा सवाल म्हशाच्या बाजारात शोभतो. कार्बनच्या वल्ह्यापुढे उभ्या असलेल्या पोराला विचारून पाहा. त्याला दात कुठले मोजायचे आहेत? त्याच्या जवळ जी एकच खूण होती, तो तीळ, तीच आपण लांबीने बुजवणार. आणि मग म्हणणार, बघून घे बाबा.

जगात जसजशा वस्तू बारीक आणि हुशार होत जातात, तसतसा आपला जबडा उघडून पाहण्याचा हक्क कमी होत जातो. डिसेंबर २०१६ मध्ये आमच्या धसईचे नाव महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून वर्तमानपत्रांत झळकले. वडापावच्या गाडीपर्यंत कार्ड घासण्याची यंत्रे आली. नोट उजेडासमोर धरून, चुरगाळून पाहणारे आमचे लोक यंत्राने फेकलेल्या चिठ्ठीकडे मात्र बघत राहत. ती खरी की खोटी हे चुरगाळून कळत नव्हते. कोणीतरी कुठेतरी खरे बोलत असेल, एवढ्यावर व्यवहार चालला. तो चालतो यात वाईट काही नाही. पण ‘कोणीतरी कुठेतरी’ जो असतो त्याची जबाबदारी वाढते. कोलाडच्या नदीवर तो ‘कोणीतरी’ म्हणजे माझा भाचा.

आणि ऐकूनही न ऐकण्याचा मोह किती मोठा असतो, याचे एक उदाहरण सगळ्या जगाने पाहिले आहे. टायटन नावाची पाणबुडी होती. टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहायला, जवळजवळ ३,८०० मीटर खोल, ती हौशी प्रवाशांना घेऊन जाई. तिचा नळकांड्यासारखा देह कार्बन फायबरचा होता, सुमारे तेरा सेंटिमीटर जाडीचा. १५ जुलै २०२२ रोजी एका फेरीहून वर येताना आत बसलेल्यांनी मोठा आवाज ऐकला. अंगावर बसवलेल्या मोजणीच्या यंत्रांनीही त्यानंतर फरक दाखवला. पण देह चौकटीत नीट बसताना तसा आवाज झाला असेल, असा सोयीचा अर्थ लावला गेला. पाणबुडी हिवाळाभर उघड्यावर राहिली आणि १८ जून २०२३ रोजी पाच माणसांसह पाण्याखाली चिरडली गेली. नंतरच्या तपासात निघाले की त्या आवाजाच्या वेळीच देहातले थर सुटले होते. ज्याने ती बांधली आणि चालवली तोही त्या पाचांत होता. म्हणजे तो इतरांना फसवत होता एवढेच नव्हे, स्वतःलाही. नाणे बद्द वाजले होते. ऐकणारा ‘टण’ ऐकण्यासाठी उत्सुक होता.

वल्हे ही काही पाणबुडी नव्हे, हे मला समजते. पण कयाक उलटली की तिच्यातला माणूस डोके पाण्याखाली असताना वल्ह्याच्या एका झटक्याने पुन्हा सरळ होतो. त्या झटक्याचा सगळा जोर दांड्यावर येतो. तिथे तो तुटला तर पोहून वर यायचे, खाली दगड असोत वा नसोत. सराईत माणूस यातून निभावतो. आणि नेमका सराईत माणूस जुने वल्हे घेत नाही.

मला सर्वांत अधिक टोचते ते हे. नव्या वस्तू वरच्या पायरीवर असतात आणि एकेक ओरखडा घेत खाली उतरतात. हौशी श्रीमंताकडून शिकाऊ मुलाकडे, शहराकडून गावाकडे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. तेथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. २०१२ मध्ये तो सैन्यात गेला, पुण्यात नौकानयन शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या शर्यतीत तेरावा आला आणि २०१८ साली पालेम्बांगला चौघांच्या होडीतून आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. एकट्याच्या शर्यतीची ती होडी आठ मीटरच्या आसपास लांब आणि वजनाला नियमाने कमीत कमी १४ किलो, कार्बनची टरफलासारखी. दत्तूच्या पाठीशी सैन्य होते. पण दर दत्तूमागे अशी कितीतरी मुले असतील, ज्यांच्या पाठीशी कोणी नाही आणि ज्यांच्या हाती पहिले वल्हे येणार आहे ते कोणाचे तरी ‘नव्यासारखे’ केलेले जुने. लांबीचा सगळा भार अखेर त्यांच्यावर येतो. फसवणूक उतारावरून वाहते. पाण्याने वर चढल्याचे मी पाहिलेले नाही.

एवढे लिहिल्यावर दुसऱ्या टोकाचेही सांगितले पाहिजे. सगळ्या ओरखड्यांना जखमा मानणारे लोकही मी पाहिले आहेत. भाचा सांगतो, काही हौशी गिऱ्हाइके पात्यावर एक रेघ उमटली की वल्हे टाकूनच देतात. त्यांना वाटते ही दक्षता. मला ती आळशीपणाची श्रीमंत जात वाटते, कारण तीही ऐकण्याचे कष्ट टाळते. नाणे खिशातच राहते. शिवाय हा पदार्थ टाकायचा कुठे? लोखंड वितळते, लाकूड चुलीत जाते, कुडाची भिंत पडली की पुन्हा माती होते. घट्ट झालेले रेझिन वितळत नाही आणि कुजतही नाही. तुमच्या दक्षतेचे ते वल्हे तुमच्या पणतवंडांच्या काळीही कुठल्यातरी खाचरात काळे पडून असेल. चांगले ते चांगले म्हणून ठेवणे, ही वाईट ते वाईट म्हणण्याइतकीच साक्ष आहे. आमच्या गावातली माणसे दुसऱ्या टोकाला फारशी जात नाहीत, त्याचे श्रेय विवेकापेक्षा गरिबीला अधिक, हेही खरे.

भाच्याने शेवटी काय केले ते सांगतो. त्याने तिळात लांबी भरली नाही. वेढे घालून देतो, मजुरी नको, नुसते सामानाचे पैसे द्या, असे त्याने मालकाला दोनदा सांगितले. मालकाला फुगवटा नको होता. तेव्हा त्याने पाती चकचकीत केलेले वल्हे तसेच परत द्यायचे ठरवले, आणि तिळाभोवती पिवळ्या ऑइलपेंटने एक वर्तुळ काढून शेजारी बारीक अक्षरात लिहिले: ‘आतून सुटले आहे.’ खाली तारीख. वरून लेपाचा एक हात. मालकाने ते पाहून जे शब्द उच्चारले ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाहीत. वल्हे घेऊन गेला; मजुरी दिली नाही.

भाऊबीज आटोपून माझी बहीण आणि भाचा निघायच्या आदल्या रात्री आम्ही ओटीवर बसलो होतो. मी त्याची पाठ थोपटली. त्याने ती थोपटून घेतली नाही.

“दोन हजारचा कागद घेतला तर ते अक्षर पाच मिनिटांत जातं, मामा. मी करवतीनं दांडा कापायला हवा होता. वल्ह्याचे पैसे भरले असते हप्त्यानं.”

मी म्हणालो, “अरे, वल्हं तुझं नव्हतं. दुसऱ्याची वस्तू कापण्याचा अधिकार तुला कोणी दिला?”

“वस्तू त्याची. पण ते वल्हं हातात घेऊन पाण्यात उलटा होणार तो जीव कुणाचा?”

यावर मी त्याला कायदा सांगितला, मालकी सांगितली, आज चांगल्या हेतूने करवत चालवणारा उद्या कशावरही चालवील हेही सांगितले; आणि त्यातले प्रत्येक वाक्य मला आजही बरोबर वाटते. तो ऐकत होता. मग उठून त्याने आत जाऊन माझ्या पेटीतली लहान करवत आणली आणि तिचे दात बोटाने तपासत म्हणाला, “ही मी कोलाडला नेऊ का? माझ्याकडची बोथट झालीय.”

मी ती त्याला दिली.